शेवटच्या बाकापर्यंत

11 जुलै 2024, गुरुवार

नवीन शैक्षणिक धोरण यंदापासून आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत लागू झालं आणि त्याचा पहिला भार सभागृहावर पडला. कला, वाणिज्य, विज्ञान या तिन्ही शाखांच्या पहिल्या वर्षाला काही विषय सामाईक आहेत. एवढी मुलं मावतील अशी वर्गखोली नाही, म्हणून ते तास सभागृहात. तीनशे खुर्च्या, वर टिनाचं छत, लोखंडी कैच्या, डाव्या अंगाला लांबच लांब व्हरांडा. सकाळी एक तुकडी, दुपारी दुसरी.

प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, हॉलमधलं वाय-फाय तुम्ही बघा. मुलांच्या फार तक्रारी आहेत." भौतिकशास्त्र शिकवते, संगणक केंद्राचा भारही माझ्याकडेच, तेव्हा हे काम माझ्याकडे येणं ठीकच. मला ते हवंही होतं.

कारण इथे सभागृहातलं नेट ही चैन नाही. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा अर्ज नेटवर, क्रेडिट बँकेचं खातं नेटवर, परीक्षेचा अर्ज नेटवर, प्राध्यापक टाकतात त्या नोट्स नेटवर. गावी गेलं की कित्येक मुलांना एखाद्या टेकाडावर नाहीतर तळ्याच्या पाळीवर जाऊन 'टॉवर' शोधावा लागतो. 14,412 चौरस किलोमीटरचा गडचिरोली जिल्हा, त्याचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग जंगल. आमच्या बाजूला वैनगंगा ओलांडली की चंद्रपूर जिल्हा, तिथेही सिंदेवाही-नागभीडकडे हीच तऱ्हा. जे काही करायचं ते मूल महाविद्यालयात असतानाच, त्या चार-पाच तासांतच व्हायला हवं.

27 सप्टेंबर 2011 रोजी नागपूर विद्यापीठातून गोंडवाना विद्यापीठ वेगळं निघालं, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी. सिरोंच्याच्या मुलाने गुणपत्रिकेतल्या एका चुकीसाठी नागपूर गाठायचं, हे अंतर कमी व्हावं हा त्यामागचा मोठा हेतू होता. अंतर कमी झालं. उरलेलं अंतर आता मंचापासून शेवटच्या बाकापर्यंतचं आहे, आणि तेही कापलं पाहिजे.

सध्या हॉल अर्धाही भरत नाही. धानाची रोवणी चालू आहे. मुलं-मुली बांध्यांमध्ये पऱ्हे लावताहेत. मजुरीचे दिवस आहेत, त्यांना दोष देता येत नाही.

18 जुलै, गुरुवार

तास संपल्यावर मामांना सोबत घेऊन हॉलमध्ये थांबले. मामा आमचे शिपाई, पण वायरिंगमधलं त्यांना जेवढं कळतं तेवढं इथे फार थोड्यांना कळत असेल.

दोन वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने चार अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फायच्या डब्या, बसवले होते. चारही मंचामागच्या भिंतीवर, एका ओळीत, कारण वायर तिथवरच आली होती. चाचणी उन्हाळ्याच्या सुटीत, रिकाम्या हॉलमध्ये. शेवटच्या खुर्चीवर बसून त्याने मोबाइलवर गती दाखवली, सगळे खूश झाले, बिल मंजूर झालं.

आज फोनवर चॅनेल दाखवणारं अ‍ॅप उघडलं आणि चित्र स्पष्ट झालं. एकाची मांडणी करून तीच बाकी तिघांत उतरवलेली. चौघंही 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सहाव्या चॅनेलवर. शिवाय रुंदी 40 मेगाहर्ट्झ ठेवलेली. हा पट्टा मुळात इतका अरुंद आहे की एकमेकांवर न चढणारी चॅनेलं त्यात तीनच बसतात, 1, 6 आणि 11. त्यात 40ची रुंदी घेणं म्हणजे एकट्यानेच दोन जागा अडवणं.

त्याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, हिशेब मांडला की दिसते. प्रत्येक डबी चार नावं जाहीर करते: विद्यार्थी, शिक्षक, कार्यालय, पाहुणे. प्रत्येक नावासाठी ती साधारण दर शंभर मिलिसेकंदांनी एक छोटा संदेश हवेत सोडते, 'हे जाळं इथे आहे' असा. त्याला बीकन म्हणतात. तो सर्वांत हळू गतीने जातो, 1 एमबीपीएसने, म्हणजे जुन्यात जुन्या यंत्रालाही कळावा. तीनशेएक बाइटांचा तो संदेश जायला अडीच मिलिसेकंद लागतात. शंभरातले अडीच. चार डब्या गुणिले चार नावं, सोळा नावं एकाच चॅनेलवर. सोळा अडीच चाळीस.

एकही मूल हॉलमध्ये यायच्या आधीच हवेचा चाळीस टक्के वेळ संपलेला असतो.

मामांना हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मग कांड्या फुल दिसतात अन् चालत काहून नाही, हेच त्याचं कारण का?" हेच. कांड्या सांगतात की आवाज किती मोठा येतो. बोलायला जागा उरली आहे की नाही, हे कांड्या सांगत नाहीत. गावोगावची मुलं 'फुल टॉवर दाखवते पण चालून नाही राहिलं' म्हणतात तेव्हा ती अगदी बरोबर सांगत असतात, आणि आपण त्यांनाच फोन बंद करून चालू करायला सांगतो.

23 जुलै, मंगळवार

दोन दिवस पावसाने उसंत नाही. वीज सकाळपासून गेलेली. शेजारी चंद्रपूरला 2,920 मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, पण झाड तारेवर पडलं तर त्या केंद्राला इथे काही करता येत नाही. हॉलमधल्या नेटवर्क स्विचला इन्व्हर्टरची जोड नाही. नोंद केली.

29 जुलै, सोमवार

गर्दीच्या हॉलसाठी वाय-फाय कसं बांधावं याच्या पाककृती ठरलेल्या आहेत. मोठ्या विद्यापीठांनी, क्रीडागृहांनी अनुभवातून काढलेल्या. नावं कमी करा. हळू गती बंद करा. आवाज म्हणजे प्रसारणाची ताकद कमी ठेवा. चॅनेल अरुंद ठेवा, 20चं. आणि शेवटचं कलम: 2.4 गिगाहर्ट्झ बंदच करून टाका, सगळ्यांना 5 गिगाहर्ट्झवर न्या, तिथे भरपूर जागा आहे.

हे शेवटचं कलम वाचून मी थांबले. ते ज्यांनी लिहिलं त्यांच्या हॉलमधल्या प्रत्येकाकडे लॅपटॉप आहे किंवा चांगला फोन आहे. माझ्याकडे काय आहे ते मला माहीत नव्हतं. म्हणून आज हजर असलेल्या मुलांचे फोन पाहिले. बाकाबाकाशी जाऊन, सेटिंगमध्ये शिरून. साधारण तिसरा हिस्सा फोन असे निघाले की त्यांना 5 गिगाहर्ट्झ कळतच नाही. ते थोरल्या भावाचे जुने आहेत, किंवा धान विकल्यावर सर्वांत स्वस्त मिळाला तो आहे.

एक मुलगी कुरखेड्याच्या पुढून येते. फोनची काच एका कोपऱ्यात फुटलेली, वर पारदर्शक चिकटपट्टी. अर्ध्या घरचा कारभार त्या फोनवर: आईच्या बचतगटाचे संदेश, वडिलांच्या धानाच्या नोंदणीचा ओटीपी, भावाचं ऑनलाइन काही, आणि हिचा अभ्यास. म्हणाली, "मॅडम, माझ्या फोनमधे कॉलेजचं नावच एकदा दिसते, एकदा नाही दिसत." तिचा फोन फक्त 2.4चा.

ठरलेली पाककृती लावली तर सगळ्यात आधी ही मुलगी बाहेर पडेल. हॉलचा वेग वाढल्याचा आकडा छान येईल आणि ज्यांना दुसरा आधारच नाही तीच मुलं कापली जातील. तेव्हा 2.4 राहणार. त्याला शिस्त लावायची, आणि ज्यांच्याकडे 5 आहे त्यांना तिकडे ढकलायचं, म्हणजे ही अरुंद वाट ज्यांची गरज आहे त्यांच्यासाठी मोकळी राहील.

6 ऑगस्ट, मंगळवार

रात्री वाचत बसले. बिनतारी जाळ्याचा जन्म मुळी एका विद्यापीठातच झालेला आहे. हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971मध्ये अलोहानेट सुरू केलं. बेटं विखुरलेली, मध्ये समुद्र, संगणक एकाच ठिकाणी. रेडिओवरून सगळ्यांनी त्या एका संगणकाशी बोलायचं. नियम अगदी साधा: सांगायचं असेल तेव्हा सांगा, दोघांचं एकदम झालं आणि पोच आली नाही तर थोडं थांबून पुन्हा सांगा.

यातलं गणित मला विद्यार्थिदशेपासून आवडतं. कुणीही केव्हाही बोलायचं ठरवलं तर त्या चॅनेलचा जास्तीत जास्त 18 टक्केच उपयोग होतो. त्याहून अधिक जण बोलू लागले की उपयोग वाढत नाही, उलट घटतो. वेळेचे ठरावीक तुकडे पाडून तुकड्याच्या आरंभीच बोलायचं, एवढा एक नियम वाढवला की मर्यादा दुप्पट होते, 36 टक्क्यांवर जाते.

वाय-फायने पुढे एक पाऊल टाकलं: बोलण्याआधी ऐका. कुणी बोलत असेल तर थांबा, शांत झालं की थोडा वेळ जाऊ द्या, मग बोला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावच्या ग्रामसभेत वर्षानुवर्षं अशीच रीत आहे. बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घ्यायचे, म्हणून प्रत्येकाचं पूर्ण ऐकून घ्यावं लागतं; 2009 साली सामूहिक वनहक्क त्या गावाच्या हाती आले ते या रीतीच्या बळावर. हवाही अशीच सगळ्यांची सामाईक आहे. ती कुणी विकत घेतलेली नाही आणि डब्यांची संख्या वाढवून ती वाढत नाही. प्राचार्यांना हेच सांगायचं आहे, कारण त्यांची तयारी आणखी चार डब्या घ्यायची आहे. त्याच चॅनेलवर आणखी चार बोलणारे आणून बसवले तर ऐकण्यातच वेळ जाईल.

ऐकण्यालाही एक अडचण आहे. पहिल्या ओळीतला फोन आणि शेवटच्या ओळीतला फोन यांच्यामध्ये तीनशे माणसं. शरीरात पाणी, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. दोघांनाही डबी ऐकू येते, पण एकमेकांचं ऐकू येत नाही. दोघांनाही वाटतं शांतता आहे, दोघंही एकदम बोलतात, आणि मंचावरच्या डबीला दोन्हीपैकी एकही कळत नाही. हे रिकाम्या हॉलच्या चाचणीत कधीच सापडणार नाही, कारण ही अडचण माणसं आल्यावरच जन्माला येते.

10 ऑगस्ट, शनिवार

दक्षिणेकडच्या एका महाविद्यालयातल्या ओळखीच्या सरांनी बोलावलं होतं. चामोर्शी, आष्टी, आलापल्ली असा रस्ता. आलापल्लीच्या पुढे दोन्ही बाजूंनी साग उंच होत जातो. इथला साग ब्रिटिशांच्या काळापासून नावाजलेला.

त्यांच्याकडे वसतिगृह आणि महाविद्यालयाची इमारत यांच्यात सहाशे मीटरचं अंतर. फायबर इमारतीपर्यंत आलेली, पुढे दोन गच्च्यांवर समोरासमोर दोन अँटेना, 5 गिगाहर्ट्झच्या. मे महिन्यात बसवलं तेव्हा उत्तम चाललं. जुलैत हळूहळू मंदावलं, आता पाऊस आला की बंदच. पुरवठादाराने सरांना सांगितलं, पावसाने होतं, पावसाळा संपला की ठीक होईल.

पावसाच्या थेंबांनी या लहरींचं एवढ्या अंतरात फारसं बिघडत नाही. बिघडवतात ती पानं. मे महिन्यात साग उघडाबोडका असतो, इकडून तिकडे आरपार दिसतं. जून-जुलैत त्याला सुपाएवढी पानं येतात आणि पाऊस पडला की प्रत्येक पान पाण्याने निथळतं. आम्ही गच्चीवर गेलो तर समोरची अँटेना फांद्यांतून अर्धवट दिसत होती. सर म्हणाले, "दिसते तर आहे." पण नुसती सरळ रेघ मोकळी असून भागत नाही. लहर मध्ये फुगत जाते, सहाशे मीटरवर मधोमध तिला सगळ्या बाजूंनी जवळजवळ तीन मीटर मोकळी जागा लागते. त्या जागेत तीन सागांचे शेंडे आणि एक मोह होता.

साग तोडायला परवानगी लागते आणि मोह तोडायचा विचार इथे कुणाच्या मनातही येत नाही. पाइप उंच करायचा ठरला, दोन्ही गच्च्यांवर. सोबत अर्थिंग नीट करायला सांगितलं, कारण या भागात वीज फार पडते आणि उंच लोखंडी पाइप हे तिला आमंत्रणच. अर्थिंगची पट्टी कुठून खाली न्यायची ते खडूने भिंतीवर आखून दिलं.

परतताना सर म्हणाले की पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, तिकडची मुलं अडकून पडतात, तेव्हा निदान वसतिगृहातल्यांचा अभ्यास तरी नेटवर चालू राहावा. म्हणजे ज्या दिवसांत जाळ्याची सर्वाधिक गरज आहे त्याच दिवसांत ते बंद पडत होतं. मे महिन्यातल्या चाचणीवर पावसाळ्याचा भरवसा ठेवणं आणि रिकाम्या हॉलच्या चाचणीवर तीनशे मुलांचा भरवसा ठेवणं, दोन्ही एकाच जातीची कामं आहेत. दोन्हींत कागदावर सगळं बरोबर असतं.

13 ऑगस्ट, मंगळवार

रोवणी आटोपली. हॉल भरला. मागच्या भिंतीला टेकून मुलं उभी होती.

सकाळच्या तुकडीत जेमतेम चाललं. दुपारच्या तुकडीत वेगळीच तक्रार: फोन जाळ्याला जोडला जातो आणि 'आयपी पत्ता मिळवत आहे' इथेच अडकतो. काही जणांचं लगेच होतं, काही जणांचं अजिबात होत नाही. पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे असा काही क्रम नाही. म्हणजे हवेचा दोष नव्हे.

राउटरमधली यादी उघडली आणि कारण हातात आलं. फोन जोडला की त्याला एक पत्ता द्यावा लागतो. आमच्या राउटरकडे असे पत्ते अडीचशेच्या आसपास, आणि एकदा दिलेला पत्ता चोवीस तास राखून ठेवायचा अशी मांडणी. सकाळची तुकडी पत्ते घेऊन घरी गेली. एसटीत बसून आपापल्या गावी पोहोचली तरी पत्ते त्यांच्याच नावावर. दुपारी आलेल्यांना जे उरले तेवढेच. त्यात अलीकडचे फोन खाजगीपणासाठी आपली ओळख बदलून सांगतात, म्हणजे एकच फोन प्रसंगी दोन पत्ते अडवतो.

दुरुस्ती पाच मिनिटांची. पत्त्यांचा साठा हजारावर नेला, राखण्याची मुदत एक तासावर आणली. आजवर दुपारच्या मुलांना 'तुमच्या फोनमध्येच काहीतरी आहे' असं सांगितलं जात होतं. दुपारच्या तुकडीत बहुतेक लांबून येणारी मुलं आहेत, कारण त्यांची पहिली बस उशिरा पोहोचते. या गोष्टीचं मला आज फार वाईट वाटलं.

21 ऑगस्ट, बुधवार

मामा आणि मी, दोन संध्याकाळी लागून डब्या हलवल्या. मंचाची भिंत सोडली. आता कैच्यांच्या खालच्या दांडीला, हॉलच्या चार भागांवर एकेक, तोंड खाली. टिनाला लागून ठेवल्या असत्या तर तापल्या असत्या; चंद्रपूर-गडचिरोलीच्या मे महिन्यात टिनाखाली काय होतं ते सांगायला नको. वायर कैचीवरून नेताना मामांनी प्रत्येक वाकणावर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, लोखंडाच्या धारेने कापली जाऊ नये म्हणून. हे कुठल्याच माहितीपुस्तिकेत नाही.

नावं चारावरून दोनावर. हळू गती बंद, सर्वांत कमी 12 एमबीपीएस. त्यामुळे एका बीकनचा वेळ अडीच मिलिसेकंदांवरून पाव मिलिसेकंदाच्याही खाली आला. या बदलाने मुलांचा एकही फोन तुटत नाही, कारण 12 एमबीपीएस कळत नाही इतकं जुनं यंत्र आता कुणाकडेच नाही. 2.4चे तीनच भाग चालू, 1, 6 आणि 11वर. चौथ्या डबीचा 2.4 बंद. 5 गिगाहर्ट्झवर चौघांना चार वेगळी चॅनेलं: 36, 44, 149, 157. रुंदी सगळीकडे 20. ताकद कमी.

ताकद कमी केल्यावर मन लागेना. व्हरांड्यात बसची वाट पाहत अकरावी-बारावीच्या मुली बसतात, मानव विकास कार्यक्रमाची बस येईपर्यंत. हॉलमधून झिरपणाऱ्या नेटवर त्या अर्ज भरतात, गृहपाठाचे फोटो पाठवतात. हॉल सुधारला आणि व्हरांडा अंधारात गेला तर ती सुधारणा कसली? ओटीपीसाठीही व्हरांडाच लागतो, कारण टिनाखाली मोबाइल कंपनीचा सिग्नल मरतो. ओटीपी यायला मूल बाहेर जातं, आत येऊन आकडे घालेपर्यंत मुदत संपते.

ग्रंथालयाच्या भांडारात एक जुना अ‍ॅक्सेस पॉइंट पडून होता. तो व्हरांड्याच्या टोकाला लावला. त्याचं 2.4 चॅनेल हॉलच्या सगळ्यात लांबच्या डबीशी मिळतं, दोघांत दोन भिंती, चालून जाईल. आता मुलं तिथेच बसून ओटीपी घेतात आणि तिथेच अर्ज पूर्ण करतात.

28 ऑगस्ट, बुधवार

रस्त्याच्या रुंदीकरणात जेसीबीने फायबर तोडली. हे दर महिन्या-दोन महिन्यांनी होतं. हॉलमध्ये सगळं उत्तम, कांड्या पूर्ण, पत्ते मिळतात, आणि बाहेरचं जग गायब.

हे माझ्या हातात नाही. भारतनेटने 2011पासून गावोगाव फायबर नेण्याचं काम चालवलं आहे, नक्षलप्रभावित भागांतल्या मनोऱ्यांना 4जी करायला 2022मध्ये मंजुरी मिळाली, काम होत आहे. पण माझा तास उद्या सकाळी आहे. म्हणून संगणक केंद्रातला एक जुना संगणक मोकळा केला, त्यावर मूडल हे ऑनलाइन वर्गाचं सॉफ्टवेअर बसवलं, नोट्स, प्रश्नपेढी, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका, तीन विषयांचे व्हिडिओ त्यावर टाकले. मुलं हॉलमधून थेट त्या संगणकाशी जोडली जातात. बाहेरची लाइन लागतच नाही.

याचा दुसरा फायदा मोठा निघाला. आमची बाहेरची लाइन 100 एमबीपीएस. तीनशे मुलांत वाटली तर एकाच्या वाट्याला एक तृतीयांश एमबीपीएस. तेवढ्यात अर्ज भरला जातो, प्रश्न सोडवता येतात, व्हिडिओ चालत नाही. शिवाय फोनला वाय-फाय मिळालं की तो आपल्या मनाने अ‍ॅप अद्ययावत करू लागतो, फोटोंची साठवण वर पाठवू लागतो. ती कामं तासाच्या वेळात राउटरवर अडवली. व्हिडिओ मी प्रोजेक्टरवर एकदाच सगळ्यांना दाखवते, वायरने. ज्याला पुन्हा पाहायचा असेल त्याने तास सुटल्यावर आतल्या संगणकावरून उतरवून घ्यावा.

शेजारच्या तालुक्यातल्या दोन महाविद्यालयांनी हे बघायला येतो म्हणून कळवलं आहे. त्यांना सांगणार आहे, कुठल्याही दिवशी या पण रोवणीच्या दिवसांत नको.

4 सप्टेंबर, बुधवार

सोमवारी पोळा, काल तान्हा पोळा. आज हॉल गच्च. मुद्दामच आज अंतर्गत मूल्यमापनाची चाचणी ठेवली होती, वीस प्रश्न, सगळ्यांनी एकाच वेळी, आपापल्या फोनवर, आतल्या संगणकावरून. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्यासाठी संगणक केंद्रातल्या सहा टॅब. कागदही तयार ठेवले होते, कुणाचं अडलं तर गुण जायला नकोत.

चाचणी सुरू झाल्यावर मी समोर न थांबता शेवटच्या ओळीत जाऊन उभी राहिले. कुरखेड्याकडची मुलगी तिथेच बसते. तिच्या चिकटपट्टीच्या काचेवर पहिला प्रश्न यायला शेजारणीच्या नव्या फोनपेक्षा क्षणभर जास्त लागला, पण आला. मग दुसरा आला. तिने मान वर केली नाही, सोडवत राहिली.

उजव्या बाजूच्या मधल्या दोन ओळींत काही फोन अडकले. नंतर पाहिलं तर ते सगळे लांबच्या, मंचाजवळच्या डबीलाच चिकटून होते. दाराने आत शिरताना जी पहिली भेटली तिला धरलं आणि जवळची दुसरी डोक्यावर असतानाही सोडलं नाही. फोनांची ही सवय जुनी आहे. डबी त्यांना सोडायला सांगू शकते, पण ऐकणं न ऐकणं फोनवर असतं. मंचाजवळच्या डबीची ताकद आणखी थोडी उतरवून पाहायची, आणि अमुक पातळीच्या खाली ऐकू येणाऱ्या फोनला तिनेच सोडून द्यावं अशी मांडणी आहे ती लावायची. जपून लावायची, नाहीतर जुन्या फोनांना दोन्हीकडून नकार मिळेल. शुक्रवारच्या तासाला करून बघेन, हॉल भरलेला असताना.

चाचणी संपायला सात मिनिटं असताना वीज गेली. पंखे थांबले, अंधार झाला, मुलं ओरडली. कैच्यांवरचे चार हिरवे दिवे चालूच होते. मामांनी मागच्याच आठवड्यात स्विच आणि तो जुना संगणक, दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले होते. मी मोठ्याने सांगितलं, "सोडवत राहा, नेट चालू आहे." बॅटरी जुनी आहे, वीसएक मिनिटंच टिकते. नव्या बॅटरीचा अर्ज लिहून ठेवला आहे, सोबत आजच्या चाचणीची हजेरी आणि वीज गेल्याची वेळ जोडली आहे. उद्या सकाळी प्राचार्यांच्या टेबलावर.